तव्यावरच्या बटाट्याला रंग कुठून येतो?

खानदेशात बटाट्याला फारसा मान नाही. हिवाळा लागला की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, शेताशेतात भरीत पार्ट्या रंगतात, कळण्याच्या भाकरी थापल्या जातात. शेवभाजीचा रुबाब तर वेगळाच. बटाट्याची पार्टी कोणी केल्याचं ऐकलंय? तरीही वरण-भाताच्या ताटात कडेला तव्यावरच्या खरपूस फोडी पडल्या की लहान-मोठ्या सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो.

कृती म्हणावी अशी काही नाहीच. जिरं-लसणाची फोडणी, चिरलेला बटाटा, मीठ, परतणं. पण याच कृतीतून एका घरी सोनेरी, कुरकुरीत फोडी निघतात, दुसऱ्या घरी नुसता लगदा, आणि कधीकधी त्याच घरात, त्याच हाताने केलेला बटाटा बाहेरून काळा, आतून कच्चा राहतो. बोल लागतो तो करणाऱ्याला. माझ्या मते निम्मा दोष बटाट्याच्या गोणीचा असतो आणि उरलेला पाण्याचा.

आधी पाणी पाहू. १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे ७८ ग्रॅम पाणीच असतं, उरलेल्यात मुख्यतः स्टार्च. फोडीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे फारसं सरकत नाही, कारण मिळणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा खर्च थोडाथोडका नाही. ३० अंशांचं पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साडेसात पटींहून अधिक ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करायला लागते. उलट खरपूस रंग आणणाऱ्या रासायनिक क्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरतात. म्हणजे वरचा थर कोरडा पडल्याशिवाय रंग येणारच नाही. तव्यावर फोडी पडताच जो चर्र आवाज होतो, तो तेलाचा नव्हे, वाफेचा. आवाज मंदावला की समजावं, खालची बाजू धरू लागली.

म्हणूनच एका तव्यात दीड किलो बटाटा कोंबला की सगळं बिघडतं. खालच्या फोडींची वाफ वरच्या फोडींमध्ये अडकते आणि बटाटा परतण्याऐवजी वाफवला जातो. पाहुणे जास्त असतील तर दोनदा करावा, याला इलाज नाही.

मात्र आतल्या भागाला हेच पाणी हवं असतं. बटाट्याच्या पेशींत स्टार्चचे कण गच्च भरलेले असतात. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान ते आजूबाजूचं पाणी शोषून फुगतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन त्याहून वरच्या तापमानाला सैल पडतं, तेव्हा फोड मऊ होते. यासाठी आपल्याकडे झाकणावर पाणी ठेवायची पद्धत आहे, आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. वरच्या पाण्यामुळे झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होऊन खाली पडते, आणि वेगळं पाणी न घालता बटाटा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. आठ-दहा मिनिटांनी सुरी सहज आत गेली की झाकण कायमचं बाजूला. आता आच मध्यम, उलथनं हातात, पण ढवळणं कमी. दर अर्ध्या मिनिटाला हलवलेल्या फोडीची कुठलीच बाजू कोरडी होण्याइतका वेळ तव्याला टेकत नाही.

उकडून परतायचा असेल तर आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा ताज्या उकडलेल्यापेक्षा चांगला. थंड होताना स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट रचना करतात, त्यामुळे फोडी मोडत नाहीत. त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचतही नाही. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो.

तवा कुठला? बिडाचा किंवा जाड लोखंडी. गंमत अशी की उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम लोखंडाच्या कितीतरी पुढे आहे. मग लोखंडच का? कारण ते वजनदार आहे. थंड, ओल्या फोडी पडल्या की पातळ भांड्याचं तापमान झपकन उतरतं. जाड तव्यात उष्णतेचा साठा मोठा असल्याने तो हा धक्का सोसतो. वापरून वापरून काळा, तुळतुळीत झालेला तवा घासून ‘स्वच्छ’ करायचा मोहही टाळावा. ती काळी चकाकी म्हणजे तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून लोखंडावर बसलेला पातळ थर असतो. तो आहे म्हणून फोडी चिकटत नाहीत.

आता गोणी. रावेर-यावलचा पट्टा केळीचा, बाकी बराच खानदेश कपाशीचा. बटाटा इथल्या बाजारात येतो तो बहुतांशी बाहेरून, इंदूरकडचा, आग्र्याकडचा. उत्तरेत हे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं आणि त्यातला मोठा हिस्सा शीतगृहांत २ ते ४ अंशांवर जातो, म्हणजे कोंब फुटत नाहीत आणि माल दिवाळीपर्यंत पुरतो. पण बटाटा जिवंत असतो. थंडीत त्याच्या आतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, स्टार्च मोडून साखर करतात: आधी सुक्रोज, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गणपती-नवरात्रात कधी भाजी किंचित गोडसर लागते, ती यामुळे.

हीच साखर तव्यावर रंग ठरवते. लुई-कामी मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दाखवलं की साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली की तपकिरी पदार्थ तयार होतात. त्या क्रियेची पायरी न् पायरी मांडली ती अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी, १९५३ मध्ये. बटाट्यात ॲस्परजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. साखर बेताची असेल तर सोनेरी रंग आणि शेकडो सुवासिक संयुगं मिळतात. साखर जास्त झाली की क्रिया सुसाट सुटते, आणि आतला स्टार्च शिजायच्या आत वरचा थर काळा आणि कडवट होतो. वेफर्स बनवणारे म्हणूनच वाणाबाबत हट्टी असतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ‘कुफरी चिप्सोना-१’ हे वाण खास त्यांच्यासाठी आणलं: पाणी कमी, साखर कमी. पुखराजसारख्या पाणीदार वाणाच्या फोडींकडून तेवढ्या कुरकुरीतपणाची अपेक्षा करू नये. तो रस्सा भाजीत घालावा.

बाजारात गोणीला विचारून वाण कळत नाही, हे खरं. घरी एक उपाय सोपा आहे. फोडी चिरून अर्धा तास पाण्यात ठेवायच्या, पाणी फेकायचं, आणि फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या. पृष्ठभागालगतची बरीच साखर आणि सुटा स्टार्च निघून जातो. कोमट पाणी घेतलं तर आणखी बरं. कोरडं करण्याचा कंटाळा मात्र करू नका, नाहीतर पुन्हा तोच वाफेचा घोळ.

काळेपणाला आणखी एक बाजू आहे. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की तळलेल्या, भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड तयार होतं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो. ते बनतं त्याच साखरेपासून आणि त्याच ॲस्परजिनपासून, साधारण १२० अंशांच्या वर. उकडलेल्या बटाट्यात ते जवळजवळ नसतंच. यावरून तव्यावरचा बटाटा सोडायची गरज नाही. फोडी सोनेरी असतानाच उतरवायच्या आणि काळ्या पडलेल्या टाकून द्यायच्या.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बटाटे ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरतो. पारा ४५ च्या आसपास असताना टोपलीतले बटाटे आठवड्यात सुरकुततात. फ्रिजमध्ये ठेवले तर गोड होतील म्हणून ते टाळा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. पण ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये घरगुती फ्रिजबाबतचा तो सल्ला मागे घेतला. माझा कल असा: उन्हाळ्यात रश्श्याचे बटाटे फ्रिजमध्ये खुशाल ठेवा, तव्यासाठीचे मात्र लागतील तेवढेच आणा. हिरवट पडलेला भाग दोन्हीकडे नको. त्यासोबत वाढणारं सोलॅनिन हे विषारी द्रव्य तव्याच्या आचेने नाहीसं होत नाही.

मसाल्याचं गणित वेळेचं. खानदेशी काळा मसाला आधीच खमंग भाजलेला असतो. तो फोडणीत पडला तर फोडी शिजेपर्यंत जळून जातो. तो शेवटच्या दोन मिनिटांत, शेंगदाण्याच्या कुटाबरोबर. आंबटही शेवटी: आम्लात पेक्टिन सहजी सैल होत नाही, त्यामुळे आमचूर किंवा टोमॅटो सुरुवातीलाच घातला तर फोडी शिजता शिजत नाहीत.

लोखंडी तव्यावर कधी फोडींना निळसर-करडी छटा येते, ती जळल्याची नव्हे. बटाट्यातलं क्लोरोजेनिक आम्ल लोखंडाशी जोडलं गेलं की, हवा लागल्यावर असा रंग उमटतो. नुकत्याच खसखसून घासलेल्या तव्यावर हे जास्त दिसतं. शेवटी पिळलेलं लिंबू इथेही कामाला येतं. त्यातलं सायट्रिक आम्ल लोखंडाला स्वतःशी बांधून घेतं, म्हणून फोडी डब्यात भरल्या तरी दुपारपर्यंत त्यांचा रंग टिकतो.