पॉप-अप पुस्तके व पूर्ववाचन

पॉप-अप पुस्तके व पूर्ववाचन : पान उघडताच घडीतून चित्र उभे राहणारी, तसेच झडपा, ओढपट्ट्या वा फिरत्या चकत्या असलेली बालपुस्तके आणि लिपी शिकण्याआधीच्या तयारीसाठी होणारा त्यांचा उपयोग.

या प्रकाराच्या उगमाबद्दल एकमत नाही. फिरत्या चकतीचे श्रेय पुष्कळदा कातालान तत्त्वज्ञ रामोन लुल (सु. १२३२–१३१६) याला दिले जाते. तथापि सेंट ऑल्बन्स मठातील मॅथ्यू पॅरिस (मृत्यू १२५९) याच्या इतिवृत्ताच्या हस्तलिखितात ईस्टरची तिथी काढण्यासाठी चकती आढळते. लुलच्या तर्कचकत्या (संकल्पना जुळवून युक्तिवाद करण्यासाठीच्या फिरत्या चकत्या) १२७० नंतरच्या मानल्या जातात. तेव्हा पॅरिसचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. दोन्ही ग्रंथ अर्थातच प्रौढांचे. मुलांसाठीची परंपरा लंडनच्या रॉबर्ट सेयरने १७६५ च्या सुमारास काढलेल्या झडपांच्या पुस्तिकांपासून धरतात. पुढे म्युनिकच्या लोथार मेगेनडोर्फरने (१८४७–१९२५) एका पट्टीच्या ओढीने चित्राचे अनेक भाग एकदम हलवून दाखवले. ‘पॉप-अप’ हे नाव न्यूयॉर्कच्या ब्लू रिबन बुक्सने १९३० च्या दशकात रूढ केले.

उभ्या चित्राचा पाया म्हणजे ‘व्ही’ घडी. जाड कागद मधोमध दुमडून त्याच्या खालच्या कडा पानांच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच कोनात चिकटवतात. कोन चुकला की पुस्तक मिटत नाही.

अशा पुस्तकांनी मूल रमते, पाने उलटायला शिकते, पुढे काय येईल याचा अंदाज बांधते. शिकण्याचे मात्र तसे नाही. टेअर, चिओंग, गानिया व डीलोश यांच्या २०१० च्या अभ्यासात हलत्या भागांच्या पुस्तकांतून लहान मुले साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकली. लक्ष ओढपट्टीकडे जाते, अक्षर बाजूलाच राहते. म्हणून अक्षर हाच हलता भाग करणे इष्ट.

बडोद्यात या मुद्द्याला वेगळे वळण मिळते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी येथे १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. आज येथील अनेक मराठी घरांतली मुले शाळेत गुजराती गिरवतात आणि देवनागरी घरी पाहतात. ग, न, म, र ही अक्षरे दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखी, फरक शिरोरेषेचा. कार्डशीटवर गुजराती ‘ग’ काढून वरून रेघेची पट्टी सरकवली की तो मराठी होतो. क, ख, ज, फ यांची वळणे निराळी असल्याने तेथे झडपच लागते : वर गुजराती, खाली मराठी.