पिटाच्या केसमध्ये गाडी जप्त झालीय? सुपूर्तनाम्यावर कशी सोडवायची आणि अर्ज कुठे अडतो

वेश्याव्यवसायाच्या संशयावरून लॉजवर रेड पडते, पिटा लागतो आणि बाहेर उभी असलेली गाडीपण मुद्देमाल म्हणून जप्त होते. कधी ती दलालाचीच असते, पण बरेचदा भाड्याची टुरिस्ट असते किंवा भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर असते आणि मालकाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळतं. मग कोणीतरी सांगतं की गाडी सरकारजमा झाली, आता विसरा. तसं नाहीये. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६, त्यात जागा बंद करायची तरतूद आहे, गाडी परस्पर सरकारजमा करायची नाही. गाडीचं शेवटी काय करायचं ते केस संपल्यावर कोर्ट ठरवतं, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४९८ खाली, आणि तोपर्यंत ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करीन असा बाँड देऊन, ताब्यात मिळावी म्हणून ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या केसला सीआरपीसीची जुनी कलमं ४५१ आणि ४५७.

वाळूच्या गाडीसारखं महसूल कचेरीत दंड भरून हे सुटत नाही, तिथे चकरा मारू नका. अर्ज त्या पोलिस ठाण्याच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात. फक्त एफआयआरमध्ये पॉक्सो (अल्पवयीन मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागलाय का ते आधी बघा, मुलगी अल्पवयीन असेल तर तो लागतोच आणि मग अर्ज विशेष कोर्टात जातो. चुकीच्या कोर्टात टाकलेला अर्ज तारखा खाऊन परत येतो.

आता मुदतीचा घोळ. चार्जशीट होऊ द्या मग या, असं ठाण्यातून सांगतात आणि लोक गप्प बसतात. कायद्यात असं काही नाही, ४९७ मध्ये तपास चालू असताना म्हणून स्पष्ट लिहिलंय. दुसरं, त्याच कलमात १४ दिवस आणि ३० दिवस आहेत ते वाचून लोकांना वाटतं की महिन्यात गाडी आपोआप मिळेल. ते १४ दिवस मुद्देमाल कोर्टापुढे आल्यावर यादी करायला आहेत आणि ३० दिवस त्या यादी आणि फोटोनंतर कोर्टाने हुकूम करायला, जप्तीच्या तारखेपासून नाही, आणि तुम्ही अर्जच केला नाही तर तुमच्या बाजूचं कोर्टाला सांगणार कोण? तिसरं, कायद्यात दिसणारे सहा महिने. ते बेवारस मालासाठी जाहीरनामा काढतात तेव्हाचे आहेत. तुम्हाला सहा महिने वेळ आहे असा त्याचा अर्थ नाही, कृपा करून थांबू नका, पावसाळा गेला की गाडी ओळखू येत नाही.

कागदांत सगळ्यात जास्त अर्ज आरसीवर अडतात. गाडी सेकंडहँड घेतलेली, पैसे दिलेले, फॉर्म २९-३० वर सह्या घेऊन डॅशबोर्डमध्ये ठेवलेले आणि नाव ट्रान्सफर केलेलंच नाही. कोर्टापुढे मालक तो, ज्याचं नाव आरसीवर. मग त्या जुन्या मालकाला शोधा, त्यानेच अर्ज करावा नाहीतर हरकत नसल्याचं अॅफिडेव्हिट द्यावं, सोबत तुमचा विक्री करार आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर विसंबू नका. मालक वारलेला असेल तर वारसांचे कागद लागतात, लोन असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी जोडा.

एफआयआरची प्रत हा दुसरा त्रास. मालक आरोपी नाही, फिर्यादीपण नाही, म्हणून ठाण्यात त्याला प्रत देत नाहीत, आणि नाजूक गुन्हा म्हणून ऑनलाइनही दिसत नाही. त्यावरून अडून बसू नका. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), वर्ष, कलमं आणि गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर अर्जात बरोबर लिहा, कोर्ट पोलिसांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं त्यात बाकीचं येतं, नक्कल कोर्टातून मागता येते. प्रत मिळाली तर ती व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, त्यात त्या बाईचं किंवा मुलीचं नाव असतं, तिने आधीच पुष्कळ सोसलेलं असतं.

पीयूसीची तर कमाल आहे. गाडी ठाण्यात उभी आणि पीयूसी संपलेली, ती गाडी नेल्याशिवाय निघत नाही, तरी विचारतात. सुटल्यावर इतक्या दिवसांत काढून देतो असं अर्जातच लिहून द्या. इन्शुरन्स मात्र संपला असेल तर निदान थर्ड पार्टी आधी काढा. आधार, लायसन्स, टुरिस्ट असेल तर परमिट-फिटनेस हे नेहमीचंच.

सरकारी वकील विरोध करतात तो मुख्य म्हणजे गाडी परत त्याच धंद्यात जाईल म्हणून. इथे नुसतं मला माहीत नव्हतं लिहून भागत नाही. ड्रायव्हरला कधी दिली, कुठल्या भाड्यावर गेली, ड्युटी स्लिप, अॅपचं बुकिंग, फोनपेचा व्यवहार, जे असेल ते लावा. मालक स्वतःच आरोपी असेल तरी अर्ज करता येतो, कठीण जातं एवढंच. सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य यात १ ऑक्टोबर २००२ ला सांगितलंय की जप्त गाड्या ठाण्यात पडून ठेवण्यात काही अर्थ नाही, फोटो, पंचनामा, बाँड घेऊन सोडा. हा निकाल अर्जात असलाच पाहिजे.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जा, १५१०० वर फोन करा. महिलांना आणि एससी-एसटींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नवऱ्याने नेलेली गाडी बायकोच्या नावावर असते अशा बायकांना हे कोणी सांगतच नाही. आणि ठाण्यातून परस्पर गाडी काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

हुकूम झाला की बाँड, जामीनदार, मग सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठाण्यात. ताबापावतीवर सही करायच्या आधी गाडी नीट बघा. काचेवर गु.र.नं. लिहिलेला असतो, टायर बसलेले, बॅटरी उतरलेली, कधी स्टेपनी गायब. जे नाही ते पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा. त्यानंतर विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची.

केस संपताना लक्ष ठेवा, कारण गाडी गुन्ह्यात वापरली असं ठरलं तर तेव्हा ती खरंच सरकारजमा होऊ शकते. तो हुकूम सहसा दोन महिने अमलात आणत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं अपिलाला दोन महिने आहेत. सेशन्स कोर्टात अपिलाची मुदत ३० दिवसच आहे.