नुसैरी की अलवी? एका पंथाला हजार वर्षं विचारला गेलेला प्रश्न

सीरियाच्या किनाऱ्यावर लताकिया आणि तार्तूस या शहरांच्या पाठीशी जी डोंगररांग आहे, तिथल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीपर्यंत सगळे 'नुसैरी' म्हणत. 'अलवी', म्हणजे अलींचे, हे नाव रूढ झालं १९२० नंतर, फ्रेंचांच्या अमदानीत. 'नुसैरी' म्हटलं की ते एका वेगळ्याच गुरूचे अनुयायी ठरतात. 'अलवी' म्हटलं की पैगंबरांच्या जावयाशी, म्हणजे थेट इस्लामशी नातं सांगितलं जातं. (तुर्की अलेवी, वडोदऱ्याचे अलवी बोहरा आणि मोरोक्कोचं अलवी राजघराणं हे सगळे वेगळे. नावामुळे गल्लत होते.)

तो गुरू म्हणजे मुहम्मद इब्न नुसैर. नवव्या शतकात इराकमध्ये शियांच्या दहाव्या आणि अकराव्या इमामांच्या भोवती जी मंडळी होती, त्यांतला हा एक. इमामांपर्यंत पोचण्याचं दार आपण आहोत, असा त्याचा दावा होता. मुख्य धारेतल्या शियांनी त्याला 'गुलात'मध्ये, म्हणजे भक्तीत मर्यादा ओलांडणाऱ्यांमध्ये काढलं. या पंथाला पहिला नकार सुन्नींनी नव्हे, शियांनीच दिला, हे आज सहसा कुणी लक्षात घेत नाही. दहाव्या शतकात अल्-खसीबीने अलेप्पोत पंथाची घडी बसवली. अकराव्या शतकात अत्-तबरानी लताकियात स्थिरावला आणि पुढे हे डोंगरच पंथाचं घर झाले.

श्रद्धेच्या गाभ्याशी एक त्रयी आहे: मआना, इस्म आणि बाब. ईश्वराचं सारतत्त्व म्हणजे मआना, त्याचं प्रकट नाव म्हणजे इस्म आणि त्या नावापर्यंत नेणारं दार म्हणजे बाब. ही त्रयी अली, मुहम्मद आणि पैगंबरांचा इराणी सहकारी सलमान फारसी यांच्या रूपाने प्रकटली, असं ते मानतात. हे तिन्ही अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीतही आले आहेत: पत्राचा मायना, अनोळखी इसम, खर्चाची बाब. आपल्याकडे ते कचेरीत रुळले, तिथे त्यांच्यावर एक अख्खं तत्त्वज्ञान उभं राहिलं.

आत्मे मुळात प्रकाशरूप होते, अहंकारामुळे ते खाली पडले आणि जन्मामागून जन्म घेत शुद्ध होऊन परत वर जातील, असंही ते मानतात. नौरोज पाळतात, ख्रिस्तजन्माचा सण पाळतात, खिज्र या संतपुरुषाच्या स्थानांवर नवस बोलतात. गूढ शिकवण मात्र दीक्षा घेतलेल्या पुरुषांनाच मिळते, तीही शेखाकडून. या गुप्ततेला कारण होतं. उघड बोलण्याची किंमत या लोकांनी अनेकदा मोजली होती. पण त्याच गुप्ततेमुळे त्यांच्याविषयी काहीही बोलायला बाहेरच्यांना रान मोकळं मिळालं.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दमास्कसच्या इब्न तैमिया या सुन्नी धर्मपंडिताने फतवा दिला, की हे लोक ज्यू आणि ख्रिश्चनांपेक्षाही मोठे काफिर आहेत. हा फतवा आजही उगाळला जातो. त्याच काळातली इब्न बतूताने लिहून ठेवलेली हकीकत मला जास्त बोलकी वाटते. (हाच प्रवासी पुढे आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला.) सुलतानाने या लोकांना मशिदी बांधायला लावल्या, तर त्यांनी तिथे गुरं बांधली, असं तो सांगतो. जबला शहरावर त्यांनी उठाव केला, तेव्हा सर्वांना मारून टाकायचा हुकूम सुटला. त्यावर एका अमिराने सुलतानाला कळवलं, की हे लोक मुसलमानांची जमीन कसतात, ते मेले तर नुकसान आपलंच. हुकूम मागे घेतला गेला. त्यांचा जीव वाचवला तो त्यांच्या नांगराने, कुठल्या धर्मचर्चेने नव्हे.

पुढेही निवाडे असेच होत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लताकियात अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, तशी उस्मानी सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदला या डोंगरात मशिदी बांधायची निकड वाटली. फ्रेंचांनी १९२० मध्ये अलवींचा मुलूखच वेगळा काढला. १९३६ मध्ये तो सीरियात विलीन करायचं ठरत होतं, तेव्हा पंथातूनच दोन सूर निघाले. आम्ही सुन्नींहून वेगळे, आम्हाला वेगळंच राहू द्या, अशी काहींची मागणी. आम्ही मुसलमान आणि अरबच, असं इतरांचं म्हणणं. त्याच वर्षी जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल्-हुसैनी यांनी अलवी मुसलमान असल्याचा फतवा दिला. फ्रेंचांविरुद्ध अरबांची एकजूट हवी होती, ही त्यामागची निकड.

१९७३ मध्ये सीरियाचा अलवी राष्ट्राध्यक्ष हाफिज अल्-असद याच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यात राष्ट्राध्यक्ष मुसलमान असण्याची अट नव्हती. हमासह अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि अट परत घालावी लागली. मग अलवी अध्यक्ष मुसलमान ठरतो का, हा प्रश्न आलाच. त्याच वर्षी लेबनॉनचे शिया नेते मूसा अस्-सद्र यांनी तिथल्या अलवींना आपल्या शिया परिषदेच्या छत्राखाली घेतलं. हजार वर्षांपूर्वी शियांनी बंद केलेलं दार असं राजकारणाच्या किल्लीने उघडलं.

असद घराण्याच्या राजवटीत अलवींच्या हाती सत्ता होती, असं सरसकट म्हटलं जातं. फौज आणि हेरखात्याच्या मोक्याच्या जागांबद्दल ते खरं आहे. पण सरकारी शाळांत धर्माच्या तासाला अलवी मुलं सुन्नी वळणाचाच इस्लाम शिकत होती. स्वतःच्या पंथाचं नावही पाठ्यपुस्तकात नव्हतं. यादवी युद्ध ऐन भरात असताना, २०१६ मध्ये, काही अलवी नेत्यांनी एक निवेदन काढलं: आम्ही शियांची शाखा नाही, इस्लामच्या आतलाच एक स्वतंत्र प्रवाह आहोत, आणि या राजवटीवरून आम्हाला ओळखू नका.

८ डिसेंबर २०२४ रोजी राजवट कोसळली. मार्च २०२५ मध्ये जुन्या राजवटीच्या माणसांनी नव्या सरकारच्या सैनिकांवर हल्ले केले आणि त्यानंतर किनारपट्टीवर अलवींची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाच्या अंदाजानुसार त्या हिंसाचारात सुमारे १,४०० माणसं मेली, त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक. बंदूकधारी घरोघरी गेले आणि दारातच विचारत राहिले: सुन्नी की अलवी?