व्हिडिओ गेमचे यशमापन
व्हिडिओ गेमचे यशमापन : एखादा गेम चालला की पडला, हे स्टुडिओ आणि त्याचा प्रकाशक ज्या आकड्यांवरून ठरवतात ती पद्धत. विकलेल्या प्रती, महसूल, रोज खेळणाऱ्यांची संख्या आणि झालेला खर्च हे तिचे आधार. समीक्षकांचे गुण आणि खेळाडूंची मते या हिशेबात येतात, पण बहुधा आडवाटेने.

हा फरक सांगलीच्या मार्केट यार्डात नीट दिसतो. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, ती झाली समीक्षा. शेतकऱ्याचे यश मात्र त्या रंगावर ठरत नाही. आडत्याच्या पट्टीवरच्या रकमेतून बेणे, खत, शिजवणी, पॉलिश आणि हमाली वजा केल्यावर काय उरले, यावर ते ठरते. सौद्यात उच्च दर मिळूनही घरी हात हलवत येणारे शेतकरी असतात.

गेमच्या धंद्यातले असे ठळक उदाहरण म्हणजे मार्च २०१३ मध्ये आलेला ‘टूम रेडर’. समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली. पहिल्या चार आठवड्यांत सुमारे ३४ लाख प्रती खपल्या. तरीही स्क्वेअर एनिक्स या जपानी प्रकाशकाने ही विक्री अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे जाहीर केले आणि चाहते चक्रावले. मोठ्या गेमवर शेकडो माणसे काही वर्षे राबतात, शिवाय जाहिरातीचा खर्च वेगळा. त्यामुळे अपेक्षेचा आकडा गेम बाजारात येण्याआधीच कागदावर ठरलेला असतो. तो आकडा चाहत्यांना सहसा सांगितला जात नाही. निम्मे वाद इथेच जन्मतात. याच गेमचा पुढचा भाग २०१५ मध्ये आला, म्हणजे तेव्हाचे ‘अपयश’ मालिका बंद पडावी इतके मोठे नव्हते.

समीक्षेला थेट पैशाचे मोल आल्याचा प्रसंगही नोंदलेला आहे. मेटाक्रिटिक हे २००१ पासूनचे संकेतस्थळ अनेक परीक्षणांची सरासरी काढून शंभरपैकी गुण देते. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) या गेमला तिथे ८५ गुण मिळाले, तर ऑब्सिडियन या स्टुडिओला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. स्टुडिओच्या क्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट उघड केली. बारावीला एका मार्काने हुकलेल्या प्रवेशासारखीच ही कथा. फरक इतकाच, की इथे रिचेकिंगचा अर्ज नव्हता.

फुकट मोबाइल गेममध्ये ‘विक्री’ हा शब्दच गळून पडतो. तिथे मोजतात ते असे : आज किती जण आले, पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती परतले, दर खेळाडूमागे किती उत्पन्न झाले. सांगलीच्याच विश्रामबागेत संध्याकाळी चहाच्या गाड्याजवळ चार पोरे बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा बंदुकांच्या लढाईचा फुकट गेम खेळत बसलेली असतात. अपडेटनंतर “लई लॅग मारतंय भावा” म्हणत त्यातला एक जण प्ले स्टोअरवर एक तारा ठोकतो आणि लगेच पुढच्या मॅचला बसतो. कंपनीच्या तक्त्यात तो नाराज ग्राहक नसतो, रोज येणारा असतो. चौघांपैकी तिघांनी आजवर दमडी दिलेली नसते; चौथा यूसी हे गेममधले चलन विकत घेऊन बंदुकीला स्किन, म्हणजे नुसता दिखाऊ साज, चढवतो. तरी ते तिघे हवेतच, कारण रिकाम्या मैदानात स्किन दाखवायची कोणाला?

मताला धार येते ती ते पैशापर्यंत पोचले की. स्टीम या विक्रीमंचावर २०१५ पासून, खरेदीच्या १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास गेम परत करता येतो. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ साठी सोनीने आपल्या प्लेस्टेशन नेटवर्कचे (पीएसएन) खाते सक्तीचे केल्यावर दोन लाखांहून अधिक नकारात्मक परीक्षणे पडली आणि सोनीने काही दिवसांतच माघार घेतली. अशा सामूहिक निषेधाला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. गेमशी संबंध नसलेल्या कारणासाठी ते झाले, तर तेवढ्या काळातली परीक्षणे गुणांकनातून वगळण्याची पद्धत स्टीमने २०१९ मध्ये सुरू केली.

उलट बाजूने, गुण आणि कौतुक दोन्ही मिळूनही स्टुडिओ तगेलच असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ‘हाय-फाय रश’चे समीक्षकांनी भरभरून स्वागत केले आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनीही तो सर्व निकषांवर यशस्वी असल्याचे म्हटले. मे २०२४ मध्ये तो घडवणारा, मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय त्याच कंपनीने जाहीर केला. पुढे ऑगस्टमध्ये बीजीएमआयची मालक क्राफ्टॉन हिने तो स्टुडिओ घेतला.