इंटार्सिया की इनले? नौदलाचं चिन्ह लाकडात उतरवताना

लाकडात केलेलं एखादं सैनिकी बोधचिन्ह हातात आलं की मी आधी डोळे मिटतो आणि त्यावरून बोट फिरवतो. बोट चढलं, उतरलं, दोन तुकड्यांच्या सांध्यात किंचित अडखळलं, तर ते इंटार्सिया. बोट गुळगुळीत निघून गेलं आणि मध्ये लाकूड बदललंय हे डोळे उघडल्यावरच कळलं, तर ते इनले, म्हणजे जडावकाम. दोन्हींत वेगवेगळ्या रंगांची लाकडं शेजारी येतात. दोन्ही कामं फोटोत सारखीच दिसतात, म्हणून नावांची अदलाबदल सर्रास होते.

नौदलातून निवृत्त होणाऱ्या माझ्या मामेभावासाठी चिन्ह करायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी सांगितलं, "इनलेचं कर." मोबाइलवर नमुना म्हणून दाखवलेला फोटो मात्र इंटार्सियाचा होता. एका कामाचं लाकूड आणून दुसरं काम करता येत नाही. इनलेसाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी पुरते, तर इंटार्सियाला अठरा-वीस मिलिमीटरचं भरीव लाकूड लागतं. म्हणून हा घोळ आधीच निस्तरलेला बरा.

इनलेला जमीन लागते. एक मुख्य फळी असते, तिच्यात पटाशीने किंवा राउटर नावाच्या खाच पाडणाऱ्या यंत्राने खाच घ्यायची आणि त्या खाचेत दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवायचा. म्हैसूरचं शिसवी जडावकाम असंच होतं. तिथल्या अंबाविलास राजवाड्याच्या शिसवी दारांवर हस्तिदंत जडवलेला आहे. आता हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी असल्याने कारागीर वेगवेगळ्या रंगांची लाकडं जडवतात. इंटार्सियाला अशी जमीनच नसते. चित्रातला प्रत्येक भाग सुटा कापायचा, हवा तसा गोलवायचा आणि सगळे तुकडे एकमेकांना खेटून मागच्या प्लायवर चिकटवायचे. मागचं आकाशसुद्धा एक तुकडाच असतो आणि त्याचा मान पुढच्या पक्ष्याइतकाच.

गोंधळाचं मूळ इटलीत आहे. इंटार्सिया हा शब्द तिथला, आणि पंधराव्या शतकात तो सपाट कामालाच लावत. अर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा माँतेफेल्त्रो हा पेशाने सेनानी. त्याच्या गुब्बिओच्या महालातली अभ्यासिका साधारण 1478 ते 1482 या काळात घडली आणि आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभी आहे. भिंतींवर अर्धवट उघडी कपाटं, वाद्यं, चिलखताचे भाग, शिवाय त्याला मिळालेल्या इंग्लंडच्या 'ऑर्डर ऑफ द गार्टर' या सन्मानाचं चिन्हही आहे. लाकडात बसवलेली सैनिकी चिन्हं हा काही आजचा छंद नव्हे. कपाटांची दारं पुढे आल्यासारखी वाटतात, पण हात लावला तर भिंत सपाट. सगळी खोली छायाप्रकाशाच्या हिशेबाने भासवलेली आहे. आजच्या लाकूडकामात इंटार्सिया म्हणतात ते खरोखरच उंचसखल असतं. म्हणजे नाव जुनं राहिलं आणि काम बदललं. वेनिअरच्या पातळ पापुद्र्यांचं मार्केट्री हे तिसरं प्रकरण, पण जाड तुकड्यांच्या कामाशी त्याचा संबंध फारसा येत नाही.

आता नौदलाचं चिन्ह. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका ताफ्यात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजाचं अनावरण झालं. त्यावर निळी अष्टकोनी ढाल आहे, तिला सोनेरी दुहेरी किनार आहे, आत नांगर, नांगरावर राष्ट्रचिन्ह, आणि 'शं नो वरुणः' हे ब्रीद. तो अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला. मराठी माणसाने हे चिन्ह हाताने करायचं म्हटल्यावर किनारीत फट राहिलेली मला तरी चालणार नव्हती.

ती किनार परीक्षा बघते. अष्टकोनाचा आतला कोन 135 अंशांचा, म्हणून प्रत्येक पट्टीचं टोक साडेबावीस अंशांत कापायचं. दुहेरी किनारीच्या सोळा पट्ट्या, बत्तीस काप. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला तर एका कड्याच्या सोळा कापांत आठ अंश जमा होतात आणि शेवटचा सांधा तोंड उघडून बसतो. माझी पहिली आठ पट्ट्यांची जोडणी अशीच वाया गेली. मग करवतीची पट्टी पुन्हा लावली, टाकाऊ लाकडावर पूर्ण कडं जुळवून पाहिलं, आणि तेव्हाच हेदूला हात घातला. हेदूचं लाकूड हळदीसारखं पिवळं, रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, बारीक. सोनेरी किनारीसाठी आपल्याकडे त्याच्याइतकं चांगलं लाकूड मला माहीत नाही.

इंटार्सिया इथे का, हे नांगर करताना कळतं. आमचा नांगर फणसाच्या लाकडाचा. पाच तुकडे: वरचं कडं, उभा दांडा, आडवी दांडी आणि खालचे दोन वळलेले हात. ड्रॉइंगच्या प्रतीवर प्रत्येक तुकड्याला नंबर आणि रेषेची दिशा दाखवणारा बाण असतो. उभ्या दांड्याची रेषा उभी, दांडीची आडवी, हातांची वळणाबरोबर तिरपी. एकाच फळीतून नांगर कोरला असता तर आडवी दांडी रेषेविरुद्ध गेली असती आणि टोकाला टवका उडाला असता. शिवाय दांड्याखाली मी प्लायची पातळ चकती ठेवली, त्यामुळे तो आजूबाजूच्या निळ्यापेक्षा वर आला. हातांची टोकं बारा मिलिमीटरपर्यंत उतरवली. संध्याकाळी खिडकीतला उजेड तिरपा पडला की नांगराची सावली ढालीवर पडते. सपाट जडावकामातून ही सावली मिळत नाही.

निळं लाकूड मात्र आपल्या जंगलात नाही. रेनेसांसच्या कारागिरांना हिरवं लाकूड हवं असे तेव्हा ते बुरशीने हिरवट झालेलं लाकूड निवडून घेत. मी शिवणीचं फिकं लाकूड घेऊन त्याला पाण्यात विरघळणारा डाय दिला. ऑइलपेंटने रेषा झाकल्या जातात, डायखाली दिसत राहतात. इंटार्सियात प्रत्येक तुकडा सुटा रंगवून, वाळवून मग चिकटवता येतो. इनलेत तुकडा बसवल्यावर सगळं एका पातळीत घासायचं असतं. डाय आधी दिला तर घासताना निघून जातो, नंतर दिला तर शेजारच्या लाकडात पसरतो.

पण ब्रीदाची अक्षरं इंटार्सियात करायला जाऊ नका. दोन सेंटिमीटर उंचीच्या 'शं'च्या पोटातला तुकडा सुटा कापला तर तो बोटात धरताही येत नाही. ब्रीदाच्या पट्टीसाठी मी शिसव घेतली, सुरीने अक्षरांची कड आखली, दोन मिलिमीटर खोल खाच घेतली आणि हेदूची अडीच मिलिमीटर जाडीची अक्षरं बसवली. अर्धा मिलिमीटर वर ठेवायचा, मग तो खरवडून समपातळीत आणायचा. शिरोरेषा वेगळी काडी म्हणून घातली, रेषा तिच्या लांबीला. अनुस्वार आणि विसर्गाचे ठिपके म्हणजे अडीच मिलिमीटरची भोकं आणि त्यांत ठोकलेल्या बांबूच्या काड्या.

इथे एक धोका आहे. काचकागदाने घासायला घेतलं की शिसवीची जांभळट-काळी धूळ हेदूच्या सच्छिद्र पिवळ्यात जाऊन बसते आणि अक्षरं मळकी दिसू लागतात. पहिल्या 'व'चं तसंच झालं. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग आणखी आत गेला. अक्षर पटाशीने उकरून काढलं, नवं बसवलं, त्यावर लाखेच्या पॉलिशचा एक हात दिला आणि मग काचकागद बाजूला ठेवून खरवडणीच्या पात्याने धूळ न उडवता काम संपवलं. तेव्हापासून हाच क्रम पाळतो.

सिंह मी केले नाहीत. त्या मापात सिंहांचे चेहरे तुकड्यांतून येत नाहीत, तिथे कोरीवकामच लागतं, आणि अर्धवट चेहऱ्याचं राष्ट्रचिन्ह घरात लावणं मला मान्य नाही. राष्ट्रचिन्हाचा गैरवापर रोखणारा 2005 चा कायदाही आहे. चिन्हाखाली 'सत्यमेव जयते' नसेल तर ते अपूर्ण मानलं जातं. विक्रीसाठी करायचं असेल तर परवानगीचा भाग आधी नीट वाचून घ्यावा. मामेभावाला मी अष्टकोन, नांगर आणि ब्रीद एवढंच दिलं. त्याने काही विचारलं नाही, फक्त दांड्यावरून अंगठा फिरवला.

तो राहतो अलिबागजवळ, म्हणजे चार महिने दमट हवा. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीने जवळजवळ नाही. इंटार्सियातले तुकडे लहान असल्याने प्रत्येकाचं फुगणं थोडंच असतं. इनलेत मात्र रुंद फळीच्या आडवी लांबलचक पट्टी घातली की फळी फुगते, पट्टी नाही, आणि पावसाळ्यानंतर सांधा सुटतो. त्यामुळे ब्रीदाच्या पट्टीची रेषा मी शिरोरेषेला समांतर ठेवली. मागच्या प्लायलाही पुढच्याइतकंच पॉलिश दिलं, एका बाजूने ओल शिरून तो वाकू नये म्हणून.

विकत घेणार असाल तर कड तपासा. ओळखीतल्या एकाने 'इंटार्सिया' म्हणून महागाने घेतलेली ढाल मी पाहिली. एमडीएफवर छापील वेनिअर, लेसरने जाळलेल्या रेषा. कडेला लाकडाची रेषा खाली उतरत नव्हती, भुसा दाबल्यासारखा तपकिरी थर दिसत होता. खऱ्या इंटार्सियात प्रत्येक तुकड्याची रेषा वरून वळून बाजूवर जाते आणि शेजारच्या तुकड्याची दिशा वेगळी असते. खऱ्या इनलेत अक्षराच्या कडेशी भिंग धरलं की सुरीने आखलेली बारीक सरळ कड दिसते. लेसरची कड करपलेली, काळी असते.