पिन चक

पिन चक : भोक पाडलेला जॉब (कातायचा तुकडा) आतून धरून लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, फिरवण्याचे साधन. एक गोल दांडा, त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने घासलेली सपाटी आणि त्या सपाटीवर मोकळी ठेवलेली बारीक पिन, एवढेच त्याचे भाग. स्प्रिंग नाही, नट नाही, चावीही नाही. लाकूड, ॲक्रिलिक किंवा इबोनाइटची (कडक रबराची) पेने कातताना ते वापरतात. पेनाचे एक टोक बंद ठेवायचे असेल, तेव्हा ते विशेष उपयोगी पडते. नेहमीचा पेन मँड्रेल म्हणजे आरपार जाणारी लांब सळई; तिच्यावर दोन्हीकडून बुश (आधाराच्या कड्या) लावून नट आवळतात. भोक आरपार नसले की ती सळई निरुपयोगी ठरते.

पकड कशी बसते हे १० मिमी दांड्यावर नीट समजते. त्यावर २ मिमी खोल सपाटी घासली की तिची रुंदी ८ मिमी भरते. २ मिमी जाडीची पिन सपाटीच्या बरोबर मध्यावर ठेवली, की तिची पाठ दांड्याच्या गोलाईशी समपातळीत येते आणि जॉब दांड्यावर अलगद सरकतो. मग जॉब हाताने किंचित फिरवला की पिन कडेकडे लोळते. मध्यापासून कडेकडे जाताना सपाटी आणि भोकाची भिंत यांतले अंतर कमी होत जाते, त्यामुळे पिन पाचरीसारखी अडकते. लेथ चालू झाल्यावर हत्यार जॉबला मागे ओढते, दांडा पुढे जाऊ पाहतो आणि पाचर आणखी आवळली जाते. म्हणून काप जितका जड, तितकी पकड घट्ट. अर्थात हे माप जुळलेले असेल तरच.

भोक १०.१ मिमी असेल, तर पिन मध्यापासून सुमारे ०.९ मिमी सरकून अडकते आणि पाचरीचा कोन १३ अंशांच्या आसपास राहतो. तेच भोक १०.५ मिमी झाले, तर पिनला २ मिमीहून जास्त सरकावे लागते, कोन २७ अंशांपर्यंत चढतो आणि पोलादी पिन धरण्याऐवजी घसरते. शिवाय पिन जॉबला एकाच बाजूने ढकलते, त्यामुळे जी फट असेल तिच्या निम्म्याने जॉब केंद्रापासून सरकतो : ०.१ मिमी फटीला ०.०५ मिमी. पेनाच्या पातळ भिंतीत तेवढेही बोटाला जाणवते. यासाठी आधी भोक पाडावे, व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजावे आणि मगच चक कातावा. तयार चकाच्या मापाचे भोक पाडायला जाणे ही उलटी वाट आहे, कारण १० मिमीचे ड्रिल लाकडात नेमके १० मिमीचेच भोक पाडेल असे नाही.

बनवायला खर्च जवळजवळ नाही. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, तालुक्याच्या गावी पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश कातून देणारे लेथ असतात. तिथल्या भंगारात पडलेला एमएस ब्राइट बारचा, म्हणजे गुळगुळीत मऊ पोलादी सळईचा, तुकडा पुरतो. तो भोकापेक्षा जेमतेम ०.०५ मिमी कमी कातावा, मागे जॉब टेकायला खांदा (जाड भाग) सोडावा आणि पुढच्या तोंडाला थोडा उतार द्यावा. सपाटीसाठी मिलिंग मशीन हवेच असे नाही. व्हाइसमध्ये धरून कानशीने घासली तरी चालते, पण हात स्थिर हवा. कानस पुढे-मागे डुलली की सपाटी मध्ये फुगते, पिन एकाच जागी टेकते आणि जॉब तिरका बसतो. तपासणी सोपी आहे : दांडा आणि सपाटी व्हर्निअरच्या जबड्यांत धरून टोकापासून खांद्यापर्यंत तीन-चार जागी मोजावे, सगळीकडे ८ मिमी आले पाहिजे. सपाटी टोकापर्यंत न नेता पुढे थोडी गोलाई शाबूत ठेवली, तर पिन घसरून बाहेर पडत नाही. पिनेसाठी सायकलीचा जुना २ मिमी स्पोक उत्तम. सपाटीपेक्षा थोडा आखूड कापून त्याची टोके घासून घ्यावीत. दांडा एकदा कातला की तो शक्यतो लेथच्या जबड्यांच्या चकातून काढू नये. काढावाच लागला, तर पहिल्या जबड्यासमोर त्यावर खूण करून ठेवावी.

लावताना सपाटी वर करावी, म्हणजे पिन मध्यावर पडून राहते. ग्रीसचा ठिपका लावला तर ती हलतही नाही. काढताना लेथ फिरतो त्याच दिशेने जॉब हलकेच वळवावा. इथे नवखा माणूस हमखास जोर लावतो, पिन मध्य ओलांडून दुसऱ्या कडेला अडकते आणि जॉब पुन्हा जाम होतो. लेथ उलटा फिरवणेही याच कारणाने टाळावे. जिथे भोक आरपार नाही, तिथे सुरुवातीच्या ओबडधोबड कापाला टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) फिरत्या सेंटरचा हलका आधार द्यावा.

पिनेचा सगळा दाब भिंतीच्या एकाच रेषेवर येतो. म्हणून चौकोनी ठोकळा गोल करण्याचे जड काम भिंत जाड असतानाच उरकावे. भिंत पातळ झाल्यावर त्याच जोराने काप घेतला, तर लाकूड रेषेवर उकलते. पितळी नळी चिकटवलेल्या पेनात पिन नळीला आतून चरा पाडते. तिथे फुगणारा मँड्रेल जास्त चांगला, पिन चकाचा हट्ट धरू नये.

खानदेशच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि कोरड्या वाऱ्यात साग किंवा बाभळीचा नुकताच भोक पाडलेला तुकडा झपाट्याने सुकतो. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जास्त आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे गोल भोक लंबगोल होते आणि काल बसलेला चक आज डगमगतो. पावसाळ्यात ओल धरल्यावर तोच जॉब वेगळ्या मापाचा निघतो. सातपुड्यातल्या अंजनाचे लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड आणि कठीण असते. पिनेचा दाब ते चांगला सोसते, पण ड्रिल मध्येमध्ये बाहेर काढून भुसा साफ केला नाही, तर भोक तापून तडकते. भोक आधी थोडे कमी पाडून तुकडा काही आठवडे सावलीत ठेवावा आणि मग पूर्ण मापाचे ड्रिल घालावे, हा त्यावरचा खरा उपाय.

पेनाला बॅरलसाठी (मुख्य नळीसाठी) एक आणि टोपणासाठी त्याहून मोठे अशी किमान दोन मापे लागतात. एकाच दांड्यावर पायऱ्या काढून दोन्ही करता येतात, पण वेगळे दोन चक अचूक राहतात. प्रत्येकाच्या मागच्या टोकावर नंबर पंचाने माप ठोकावे. चपटी झालेली पिन पुन्हा वापरू नये. त्याच स्पोकचे चार-पाच जादा तुकडे चकासोबतच बांधून ठेवावेत.