मॉनमथशायर: वेल्समधील काउंटी, इंग्लंडच्या यादीत

आग्नेय वेल्समधील मॉनमथशायर ही काउंटी १५३६ च्या कायद्याने निर्माण झाली. त्याआधीचा येथील इतिहास मोठा असला, तरी तो काउंटीचा नव्हे, त्या मुलखाचा आहे. कार्लिअन येथे इ. स. ७५ च्या सुमारास रोमन सैन्याने तळ उभारला, पुढे ग्वेंट नावाचे वेल्श राज्य येथे नांदले आणि १०६७ मध्ये नॉर्मनांनी वाय नदीकाठी चेप्स्टोचा किल्ला बांधायला घेतला. त्यानंतर सुमारे साडेचार शतके हा मुलूख सरहद्दीवरील सरदारांकडे होता. त्यांची न्यायालये स्वतंत्र असत आणि राजाचा हुकूम त्यांच्या हद्दीत थेट चालत नसे. १५३६ मध्ये या जहागिरी मोडून ज्या पाच नव्या काउंट्या करण्यात आल्या, त्यांपैकी ही एक.

ही काउंटी वेल्समध्ये की इंग्लंडमध्ये, हा पुढे चारशेहून अधिक वर्षे चाललेला घोळ १५४३ च्या दुसऱ्या कायद्यातून निघाला. त्या कायद्याने वेल्ससाठी स्वतंत्र न्यायव्यवस्था आखली आणि बारा काउंट्या प्रत्येकी तीन अशा चार गटांत बसवल्या. तेरावी मॉनमथशायर या मांडणीबाहेर राहिली आणि वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांखाली गेली. पुढे तिचे खटले ऑक्सफर्डच्या फिरत्या न्यायालयाकडे जोडले गेले. इतर वेल्श काउंट्यांना संसदेत काउंटीचा प्रत्येकी एक प्रतिनिधी मिळाला असताना हिला इंग्लिश काउंट्यांप्रमाणे दोन मिळाले होते. मॉनमथशायर इंग्लंडची म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार एवढाच आहे. मात्र ती वेल्समधून काढून इंग्लंडला जोडली, असे वाक्य या दोन्ही कायद्यांत नाही. जे झाले ते न्यायदानाच्या सोयीचे वाटप होते आणि सोयीच्या वाटपाला पुढच्या पिढ्यांनी सरहद्दीचे वजन दिले, असेच म्हणावे लागते. शिवाय वेल्सची ती स्वतंत्र न्यायालये १८३० मध्ये रद्द झाली, म्हणजे वेगळेपणाचे मूळ कारणच संपले. तरीही सरकारी कागदांत ‘वेल्स आणि मॉनमथशायर’ हा शब्दप्रयोग रूढ राहिला. त्यातल्या ‘आणि’चा अर्थ एका पक्षाने ‘वेल्सबाहेरची’ असा लावला, तर दुसऱ्याने ‘वेल्ससोबतची’ असा.

कायद्यांनीही एकवाक्यता ठेवली नाही. वेल्समधील मद्यगृहे रविवारी बंद ठेवणारा १८८१ चा कायदा येथे लागू नव्हता. त्यामुळे र्‍हिम्नी नदीच्या पश्चिमेला, ग्लॅमॉर्गनमध्ये, रविवारी मद्यगृहांना कुलूप असे आणि पूर्वेला ती उघडी असत. हा भेद १९२१ पर्यंत टिकला. १८८९ च्या माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यात मात्र मॉनमथशायर वेल्ससोबत होती आणि १९२० मध्ये वेल्समधील चर्च राज्यापासून विलग झाले तेव्हाही ती वेल्ससोबतच राहिली. त्यानंतर १९३३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने तिला पुन्हा इंग्लंडच्या यादीत घातले.

दरम्यान काउंटीचा पश्चिम भाग ओळखू न येण्याइतका बदलला होता. ब्लेनावॉन येथे १७८९ मध्ये लोखंडाचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ दऱ्यादऱ्यांत भट्ट्या आणि कोळसाखाणी उभ्या राहिल्या आणि इंग्लंड, आयर्लंड व उर्वरित वेल्समधून कामगार आले. मताधिकाराच्या मागणीसाठी या कामगारांनी नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यूपोर्टवर काढलेल्या मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक जण मारले गेले. पूर्वेकडचा शेतीप्रधान, इंग्रजी वळणाचा मुलूख आणि पश्चिमेकडच्या खाणवस्त्या यांत तेव्हापासून पडलेले अंतर आजही मिटलेले नाही.

घोळ संपला तो १९७२ च्या कायद्याने. १ एप्रिल १९७४ पासून ‘वेल्स’ म्हटले की हा प्रदेश त्यात येतो, हे निःसंदिग्ध झाले. मात्र त्याच दिवशी काउंटीचे नावही गेले आणि किरकोळ सीमाबदलांसह तिची जागा ‘ग्वेंट’ने घेतली. १९९६ च्या पुनर्रचनेत ‘मॉनमथशायर’ हे नाव परत आले, पण जुन्या काउंटीच्या पूर्वेकडील सुमारे साठ टक्के क्षेत्रापुरतेच. न्यूपोर्ट आणि लोखंड-कोळशाच्या बहुतेक दऱ्या वेगळ्या प्रशासनांत गेल्या. इंग्लंडमधील एका पक्षाने २००७ च्या वेल्श निवडणुकीत या काउंटीसाठी सार्वमताची मागणी पुढे केली, ती फारशी रुजली नाही. जुनी खानेसुमारी किंवा न्यायालयीन दप्तरे चाळताना मात्र ‘मॉनमथशायर’ म्हणजे एब्बू व्हेल आणि ट्रेडीगरही, हे लक्षात ठेवावे लागते. आजच्या नकाशावरची काउंटी त्या गावांपर्यंत पोहोचत नाही.